तीन बोटांची फट

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत किताझुमेने एकच खोटा गोल काढला होता.

आगरोधक शटरांच्या तपासणीचा कागद सोपा असतो. जे बरोबर आहे त्याच्यापुढे गोल, जे चुकलंय त्याच्यापुढे फुली, आणि सगळ्यात खाली तपासनिसाचा शिक्का. 'शटर जमिनीपर्यंत पूर्ण बंद होते' असा त्यात एक रकाना आहे. गेल्या वर्षी कामिनुमा गावच्या देपातोत, तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी असलेलं शटर जमिनीच्या तीन बोटं वर थांबलं. किताझुमेने ते पाहिलं, गोल काढला, शिक्का उठवला, शाई वाळावी म्हणून वर फुंकर घातली आणि घरी जाऊन जेवला.

देपातो म्हणजे गावातलं एकुलतं एक मोठं दुकान. चार मजली. त्याला रीतसर नाव आहे, ते पिशव्यांवरही छापलेलं असतं, पण ते नाव कुणी घेत नाही. दुसरं देपातोच नाही, तर नाव घेऊन करायचं काय?

आता किताझुमे हा काही असे उद्योग करणारा माणूस नव्हे. नाकासमोर चालणारा. सख्ख्या मेहुण्याच्या हॉटेलातल्या शटरला त्याने मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात फुली मारली होती आणि चार दिवसांनी त्याच लग्नात पहिल्या रांगेत बसून पोटभर जेवला होता. मेहुणा वर्षभर बोलत नव्हता. किताझुमेला ते कळलंच नाही, कारण त्याआधीही दोघं फारसं बोलत नसत. असा माणूस एक खोटा गोल काढून बसला आणि त्याच्या आयुष्यातली शांतता गेली. आगीचा बंब वाजला की तो हातातलं काम टाकून खिडकीशी जाई आणि बंब कुठल्या रस्त्याला वळतो ते बघत उभा राही. बायकोने दोनदा विचारलं, "बंबावर कुणी ओळखीचं आहे का?" तो म्हणाला, नाही. तेवढं खरं होतं.

आगीपेक्षा धूर आधी पोचतो, आणि धुराला तीन बोटं पुष्कळ झाली. हे तो नव्या तपासनिसांच्या वर्गात दरवर्षी स्वतः शिकवायचा. या वर्षी शिकवताना त्याला मधेच पाणी प्यावं लागलं.

हा गोल त्याने काढला तो एका चित्रापायी.

छत्तीस वर्षांपूर्वी देपातोत सरकता जिना बसला, तेव्हा मालकाच्या मनाने घेतलं की, आगीच्या वेळी गिऱ्हाइकांसमोर राखाडी लोखंडाची भिंत खाली आली तर लोक घाबरतील. शटरवर काहीतरी प्रसन्न हवं. त्याने गावातल्या तोकुजी इसोबेला बोलावलं. तोकुजी पाट्या रंगवायचा. न्हाव्याची, दातांच्या डॉक्टरची, सोबा शेवयांच्या खानावळीची, गावातली झाडून सगळी अक्षरं त्याच्या हातची. त्याने अकरा दिवस खपून शटरवर त्या वेळचा तिसरा मजलाच्या मजला रंगवला. खेळण्यांची मांडणी, छताला टेकलेले फुगे, पत्र्याची आगगाडी, आणि मधोमध निळी टोपी घातलेली एक बाई. टोपीच्या टोकाला पांढरं फूल, हातात पांढरे मोजे, एक हात पुढे करून ती म्हणतेय, या, या. आग लागून पळत सुटलेल्या माणसाला बंद शटरवरच्या बाईने 'या, या' म्हणणं कितपत शहाणपणाचं, हा विचार तेव्हा कुणालाही सुचला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शटर वर गुंडाळलं.

आगरोधक शटर वर्षभर छतातल्या पेटीत गुंडाळलेलं असतं. ते खाली येतं आगीत, नाहीतर तपासणीच्या दिवशी, आणि देपातोत आग कधी लागली नाही. त्यामुळे ते चित्र वर्षातून एकदा चाळीस मिनिटं उजेड बघायचं. बाहेर तोकुजीच्या पाट्या एकेक करून गेल्या. दुकानं मिटली, प्लास्टिकचे फलक आले, उरलंसुरलं उन्हाने खाल्लं. हे एक तेवढं अंधारात राहून काल रंगवल्यासारखं टिकलं.

तोकुजी वारला त्याला चौदा वर्षं झाली. अंत्यविधीला देपातोच्या तेव्हाच्या मॅनेजरने भाषण केलं. त्या चित्रातली निळ्या टोपीची बाई म्हणजे तोकुजींची पत्नी किनुसान, असं तो म्हणाला आणि स्वतःच रडला. त्या वर्षापासून तपासणीच्या आधी किनु इसोबेंना एक पत्र जातं. जाड हातकागद, कुंचल्याची अक्षरं, लाल शिक्का. 'आपल्या यजमानांच्या कलेचे दर्शन घेण्यास अवश्य यावे.' आणि इसोबेआजी दरवर्षी येतात. त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली असते, खुर्चीवर उशी, शेजारी चहा. मांडीवर हात ठेवून त्या चाळीस मिनिटं चित्राकडे बघत बसतात. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर कुणी मोठ्याने शिंकत नाही.

निघताना आजी किताझुमेच्या हातात एक डबा ठेवतात. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं. दिवसभर धुराचं यंत्र हाताळणाऱ्या माणसाला संध्याकाळी पानात पुन्हा धूर नको असतो, पण किताझुमे कमरेत वाकून डबा घेतो. असे अकरा डबे झाले होते.

तर गेल्या वर्षी शटर तीन बोटं वर अडलं तेव्हा फुली मारणं म्हणजे शटर बदलणं, आणि शटर बदलणं म्हणजे मागे खुर्चीवर बसलेल्या म्हातारीचा नवरा भंगारात काढणं. रंगाचे थर पट्ट्यांच्या सांध्यांत बसले होते, पट्ट्या वाकायला लागल्या होत्या, आणि त्या मापाच्या पट्ट्या आता कुणी बनवत नाही. दुरुस्ती नव्हतीच. किताझुमेने एकदा आजींच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं आणि गोल काढला.

*

या वर्षी तो सकाळी आठला देपातोच्या मागच्या दाराशी उभा होता, आणि काय करायचं ते त्याचं ठरलेलं नव्हतं.

आताचे मॅनेजर इगाराशी तिसऱ्या मजल्यावर वाट बघत होते. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, कुणाला दुखवायचं नाही या एका धोरणावर एवढ्या पदाला पोचलेला माणूस. जिथे पूर्वी खेळण्यांचं दुकान होतं तिथे आता मुलांचं खेळघर आहे: घसरगुंडी, रंगीत चेंडूंचा हौद, कोपऱ्यात बूट ठेवायची फळी. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. शटर आहे ते या खेळघराच्या आणि सरकत्या जिन्याच्या मधोमध.

इसोबेआजी येऊन बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, उंची खुर्चीत बसल्यावर आणि उभं राहिल्यावर जवळपास सारखीच.

"इसोबेसान, थंडी नाही ना वाजत? हीटर सरकवू का जवळ?" इगाराशींनी विचारलं.

"नको. गेल्या वर्षी नडगी भाजली."

"अरे देवा! मग सांगायचं ना आम्हाला!"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने ठेवला होता, म्हटलं राहू दे."

इगाराशी कमरेत वाकले. आजी बसल्या बसल्या वाकल्या. मग दोघांनी पुन्हा एकदा तसंच केलं. किताझुमेने तोवर हेल्मेट चढवलं.

त्यांच्या कामाची रीत अशी की, जे तपासायचं त्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. डोळ्यांनी पाहिलं, बोटाने दाखवलं, तोंडाने म्हटलं, कानांनी ऐकलं, म्हणजे चूक व्हायला जागा राहत नाही. गेल्या वर्षी त्या एका ठिकाणी किताझुमेने बोट दाखवलं होतं, पण तोंडातून 'ठीक' काही निघालं नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं होतं.

"शटरच्या वाटेत वस्तू नाहीत, ठीक!" तो जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला. "बाजूच्या खाचा मोकळ्या, ठीक! हाताने सोडायची कडी जागेवर, ठीक!"

तळमजल्यावर नियंत्रणाच्या फलकापाशी त्याची सहकारी मुरोई बसली होती. वॉकीटॉकीवर ती एका वेळी फार तर दोन शब्द बोलायची, आणि त्यातला एक नाइलाजाने.

"मुरोई, धूर देतोय."

"द्या."

किताझुमेने लांब दांड्याला लावलेला धुराचा पेला छतावरच्या धूरशोधकाला टेकवला. दहा सेकंद गेले. खाली कुठेतरी घंटा वाजली, छतातल्या पेटीत खट्ट झालं आणि शटर उतरायला लागलं. आधी बाईचे काळे बूट आले. मग घोटे, निळा झगा, पत्र्याची आगगाडी, पुढे केलेला मोज्याचा हात. किताझुमेने वाटेत लाकडी ठोकळा ठेवला. शटर त्याला टेकलं आणि थांबलं.

"अडथळ्याला थांबलं, ठीक!"

ठोकळा काढला. शटर पुन्हा निघालं. बाईचा गळा आला, हनुवटी आली, हसरं तोंड आलं, आणि एकदम लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज होऊन सगळं थबकलं. निळी टोपी अर्धी वरच अडकली होती. खाली जमीन आणि शटर यांच्यामध्ये चांगली वीतभर फट होती, आणि पलीकडच्या जिन्याच्या पायऱ्या तिच्यातून दिसत होत्या.

इगाराशींना छतावरचा दिवा फारच आवडल्यासारखे ते त्याच्याकडे बघायला लागले. अळीमिळी गुपचिळी.

"बंद झालं?" वॉकीटॉकीतून मुरोई म्हणाली.

"थांब जरा," किताझुमे म्हणाला.

इगाराशी हळूच त्याच्याजवळ आले. "एकदा वर-खाली करून बघू या का, किताझुमेसान? सकाळी सकाळी यंत्रसुद्धा जरा आखडलेलं असतं. माणसासारखंच."

वर-खाली केलं. वीतभरच. तिसऱ्यांदा केलं, तर वीतभर आणि वर दोन बोटं.

"मग आता..." इगाराशींनी मागे खुर्चीकडे नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "गेल्या वर्षीसारखंच काहीतरी समजून उमजून... नाही, म्हणजे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही जाणते आहात."

म्हणजे यालाही माहीत होतं! किताझुमेच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायची पद्धतच नव्हती. त्याने हेल्मेट काढलं, ते काखेत धरलं, आणि आजींच्या खुर्चीपुढे जाऊन जमिनीवर गुडघे मोडून बसला. सांगायचं तर आधी तोंडाने सांगू, मग कागदावर, एवढं त्याने त्या सात-आठ पावलांत ठरवलं.

"आजी, एक सांगायचंय."

"टोपी अर्धीच आली," आजी म्हणाल्या.

"हो."

"गेल्या वर्षी नुसतं फूल नव्हतं दिसलं."

किताझुमेने वर पाहिलं. सत्तावीस वर्षं तो शटर खालून मोजत आला होता. वरून मोजता येतं हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आजी, हे शटर आता बदलावं लागेल. सगळंच. चित्रासकट."

"मग बदला."

"खरं तर गेल्या वर्षीच बदलायला हवं होतं. मी कागदावर खोटं लिहिलं."

"खोटं?" आजींच्या भुवया वर गेल्या. "का बरं?"

"तुमच्यासाठी." हे म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. "तुम्ही दरवर्षी येता. यजमानांनी तुमचं एवढं सुंदर चित्र काढलंय. ते माझ्या हाताने जावं हे जिवावर आलं."

आजींनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, कप जागेवर ठेवला.

"किताझुमेसान, माझं डोकं बघा."

त्याने बघितलं.

"या डोक्यावर कुठली टोपी बसेल असं वाटतं का तुम्हाला? ब्याऐंशी वर्षांत एक बसलेली नाही. लग्नात ती पांढरी घालतात ना, तीसुद्धा दोनदा नाकावर आली. ती बाई मी नाही."

"मग कोण?"

"रुमी. लिफ्टवर होती इथे. 'तिसरा मजला, खेळणी,' म्हणायची, तसा हात करून. लिफ्टवरच्या मुलींचा गणवेशच तो, निळी टोपी नि फूल. आता लिफ्टवर कुणी नसतं, म्हणून तुम्हा लोकांना कळत नाही. तेव्हा अख्ख्या गावाला कळलं होतं."

मागे इगाराशींच्या हातातून काहीतरी पडलं.

"म्हणजे तोकुजीसान आणि ती..."

"काय होतं, काय नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला एवढंच माहीत की आमच्या घराच्या दाराला रंग लावायचा सोळा वर्षं राहिला होता, आणि इथे या माणसाने टोपीच्या एका फुलाला दीड दिवस घातला."

हे किताझुमेच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. "मग तुम्ही येत का होतात?"

"तुम्ही पत्र पाठवता म्हणून!" आजी पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाल्या. "एवढा जाड कागद, एवढं सुंदर अक्षर. खुर्ची काय, उशी काय. सगळे आपले माना खाली घालून उभे. कसं म्हणणार, अहो ही माझी सवत आहे? पहिल्या वर्षी मी पिशवीतून मासे साफ करायची सुरी आणली होती. म्हटलं, सगळे चहाला गेले की तेवढं तोंड खरवडून टाकते. पण मेलं कुणी चहाला जाईना! मला एकटीला सोडणं बरं दिसत नाही म्हणून सगळे उभे. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी सुरी घरी ठेवली, जड होते."

"आणि मग?"

"मग काय. मी म्हातारी होत गेले, ती तशीच. एखाद्या वर्षी बघितलं तर राग सापडेना. वाटलं, बिचारी. वर्षभर गुंडाळून ठेवलेली, चाळीस मिनिटं सोडतात, तेवढ्यातही हात पुढे करून या, या म्हणतेय. आणि समोर बसलेली कोण, तर मी."

शटरवरची रुमी अर्ध्या टोपीनिशी हसत होती. किताझुमेला हलकं वाटायला लागलं होतं. ज्या गोष्टीसाठी खोटं बोललो ती गोष्टच नव्हती, म्हणजे खोटंही थोडं कमी झालं, असं काहीसं त्याच्या मनात येत होतं. तेवढ्यात आजी खुर्चीतून उठल्या, काठी टेकत शटरपाशी गेल्या, पिशवीतून लोणच्याचा डबा काढला आणि तो त्या फटीतून पलीकडे सरकवला. डबा आरामात गेला आणि जिन्यापाशी जाऊन थांबला.

"गेल्या वर्षी फूल दिसलं नाही तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी अडलंय," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, किताझुमेसान आहेत. मेहुण्याला न सोडणारा माणूस. त्यांनी बघितलंय, ते फुली मारतील, हे लोक दुरुस्त करतील. खेळघर चालूच आहे म्हणजे दुरुस्त झालंच असणार. म्हणून मी नातसुनेला म्हटलं, खुशाल ने."

"कुणाला?"

"पणतीला. माझी पणती. साडेतीन वर्षांची. वर्षभर दर शनिवारी त्या चेंडूंच्या हौदात असते." आजींनी काठीने खेळघराकडे दाखवलं. "तिची आई खाली खरेदी करते. मी सांगितलं म्हणून निर्धास्त करते. तुमच्या भरवशावर."

आजी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. किताझुमे जमिनीवर कपाळ टेकवून राहिला. त्या हौदातले रंगीत चेंडू त्याने बारा वर्षं पाहिले होते आणि ते 'पेट घेणारी वस्तू' या रकान्यात नोंदवलेही होते. त्यांच्यात कुणाचं मूल असतं, हे त्याने कधी हिशेबात धरलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि जमिनीकडे तोंड असल्यामुळे ते तसंच येऊ दिलं.

"उठा," थोड्या वेळाने आजी म्हणाल्या. "चाळीस मिनिटं होत आली. ते तुमचं करा काय ते."

तो उठला. हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, शटरसमोर पाय जुळवून उभा राहिला आणि फटीकडे बोट दाखवून असा ओरडला की चौथ्या मजल्यावर भांडी मांडणाऱ्या बायका थांबल्या.

"शटर बंद होत नाही! फुली!"

"कळलं," मुरोई वॉकीटॉकीतून म्हणाली.

*

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. खेळघराला त्याच सकाळी दोरी लागली. किताझुमेने या वर्षीच्या कागदासोबत गेल्या वर्षीचा गोल खोटा होता असं वेगळ्या कागदावर लिहून, त्यावर शिक्का उठवून, आपल्या कचेरीत आणि अग्निशमन कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, हे न सांगता चाललं नसतं का? किताझुमे म्हणाला, वर्षभर चालवून पाहिलं. मग त्याला आठ महिने शटरांवरून काढून दारांच्या बिजागऱ्या तपासायला लावलं. मेहुण्याने हे ऐकून त्याला जेवायला बोलावलं.

इगाराशींनी मात्र तरीही एक शेवटचा प्रयत्न केला. बाईचा चेहरा असलेल्या पट्ट्या कापून, चौकट करून, छोट्याशा समारंभात आजींना भेट द्याव्यात असं त्यांनी सुचवलं. त्या दिवशी मागे उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण न ऐकल्यासारखं वागणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

"तिचं तोंड मी लावू कुठे?" आजींनी विचारलं. "स्वयंपाकघरात?"

त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली. शटर नेताना गुंडाळून नेऊ नका, उलगडून न्या. कामगारांना हे विचित्र वाटलं, पण म्हातारं माणूस सांगतंय म्हणून त्यांनी पट्ट्या सुट्या करून ट्रकवर ओळीने मांडल्या. नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी रुमी आकाशाकडे तोंड करून, टोपीतल्या फुलासकट, गावातल्या मोठ्या रस्त्याने गेली. न्हाव्याच्या दुकानापाशी इसोबेआजी काठी टेकून उभ्या होत्या. ट्रक वळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि मग मासे घ्यायला गेल्या.

पुढच्या वर्षी देपातोच्या कचेरीतून पुन्हा पत्रं गेली. ज्या यादीवरून जातात त्या यादीतून आजींचं नाव काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं, किंवा सुचलं होतं पण ते काढणं बरं दिसलं नसतं. तर तिसऱ्या मजल्यावर खुर्ची, उशी आणि चहा जागेवर होते, आणि खुर्चीत इसोबेआजीही होत्या. हीटर नव्हता.

किताझुमे शटरांवर परत आला होता. आजींनी त्याला बघून पिशवीतून डबा काढला. त्याने तो घेतला नाही. हात बाजूला ताठ ठेवून तो म्हणाला, "आजी, मला हे लोणचं आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या डब्यापासून."

आजींनी डब्याकडे पाहिलं. "मलाही नाही आवडत. शेजारीण देते. तिला नाही कसं म्हणायचं?" त्यांनी डबा पिशवीत परत टाकला. "आता सांगते तिला."

धूर दिला. घंटा वाजली. नवं शटर उतरलं: राखाडी, सपाट, मधे काही नाही. ठोकळ्याला थांबलं, ठोकळा काढल्यावर निघालं आणि जमिनीला जाऊन टेकलं. किताझुमे पोटावर आडवा झाला, गाल जमिनीला लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खालून उजेड दिसतो का बघितलं. दिसला नाही. तो उठून बोट दाखवणार, तोच आजी काठी टेकत पुढे आल्या.

त्यांनी पिशवीतून देपातोचं पत्र काढलं. तो जाड हातकागद, लाल शिक्का. वाकायला त्यांना वेळ लागला, पण कुणी हात द्यायला गेलेलं त्यांना चाललं नाही. त्यांनी पत्राची कड शटरखाली सारायला बघितली. ती जाईना. दुसरीकडे बघितलं, तिथेही जाईना. पत्राचा कोपरा तेवढा दुमडला. मागे खेळघरात दुकान उघडायच्या आधी कुणीतरी चेंडू पुसून हौदात टाकत होतं.

आजी सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी शटरच्या तळाकडे बोट दाखवलं.

"ठीक," त्या म्हणाल्या.

"ठीक!" किताझुमे ओरडला आणि त्याने गोल काढला.

नियमाप्रमाणे शटर वर जायला अजून अर्धा तास होता. आजी खुर्चीत जाऊन बसल्या, त्या राखाडी लोखंडाकडे बघत राहिल्या, चहा प्यायल्या. इगाराशी थोडा वेळ घुटमळले आणि मग जवळ आले.

"इसोबेसान, बघायला तर आता काही राहिलं नाही. तुम्हाला उगाच एवढ्या लांबून त्रास. पुढच्या वर्षीपासून पत्र नाही पाठवलं तर चालेल ना?"

आजींनी दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला आणि पत्र पिशवीत ठेवलं.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "पणती अजून पाच-सहा वर्षं येणार इथे."